विजेवरचे कागदी घोडे

संगणक आला की कचेऱ्यांतील कागदी घोड्यांची धावपळ थांबेल, असे आपल्याला मोठ्या विश्वासाने सांगण्यात आले होते. कागद थोडाफार कमी झाला, हे मान्य करावेच लागेल. पण घोडे थांबले का? पूर्वी ते शिपायाच्या हातातील फायलींतून टेबलामागून टेबल हिंडत, टपाल्याच्या पिशवीतून गावोगाव जात. आता ते विजेच्या वेगाने धावतात, आणि एकाच वेळी पन्नास ठिकाणी पोहोचतात. या नव्या घोड्यांचे नाव ई-मेल.

वाचकमित्र म्हणतील, कला शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या मुलीला कचेरीतल्या ई-मेलची उठाठेव कशाला? त्याचे उत्तर सरळ आहे. दोन-तीन वर्षांत आपणच त्या खुर्च्यांवर बसणार आहोत. कोणी बँकेत, कोणी पंचायत समितीत, कोणी औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात. आपण कोणत्या सवयी उचलणार, याचा विचार खुर्ची मिळण्याआधी केलेला बरा. खुर्ची मिळाल्यावर असला विचार करणारी माणसे मला तरी फारशी भेटलेली नाहीत.

ई-मेल ही काही कालची गोष्ट नव्हे. रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ साली एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर निरोप धाडला आणि पत्त्यात '@' हे चिन्ह आणले. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. पुढच्याच वर्षी सबीर भाटिया या भारतीय तरुणाने जॅक स्मिथ या सहकाऱ्यासह 'हॉटमेल' काढून जगाला फुकट टपालपेटी दिली. म्हणजे साधन पन्नास वर्षांहून जुने. माणसाला नवे यंत्र हाताळायला वेळ लागत नाही. ते वापरताना दुसऱ्याचा विचार करायला मात्र पिढ्या लागतात, असे दिसते.

वास्तविक पत्र कसे लिहावे हे मराठी माणसाला कोणी शिकवायची गरज नसावी. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' १८९८ पासून प्रसिद्ध करायला सुरुवात केली. त्या साधनांत मोठा भाग आहे तो पत्रांचा. राजवाडे १९२६ साली आपल्या धुळ्यातच वारले, आणि त्यांचे नाव लावणारे संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. जुन्या पत्रांत मायना असे, तिथी असे, कोणाचे पत्र कोणास आणि कोणत्या कामी हे असे, आणि 'बहुत काय लिहिणे' म्हणून लिहिणारा वेळेवर थांबतही असे. शेदीडशे कोस घोडदौड करून जायचे ते पत्र. त्यात फापटपसारा परवडत नव्हता. अंमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी पुढे पुतणीला लिहिलेल्या पत्रांचे तर 'सुंदर पत्रे' हे पुस्तकच झाले. तेव्हा परंपरा आपल्या दाराशी आहे.

आणि ज्यांच्या घरी पुस्तके नव्हती त्यांनाही पत्राची किंमत कळत होती. माझी आजी निरक्षर. तिच्या काळी गावात पोस्टकार्ड आले की ते घेऊन मास्तरांच्या ओट्यावर जायचे आणि विचारायचे, "काय लिखेल शे?" या अहिराणी प्रश्नात पत्रलेखनाचे सगळे शास्त्र आहे असे मला वाटते. काय लिहिले आहे? कोण येणार, कधी येणार, किती पैसे लागणार? पत्र ऐकून या प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत, तर ते पत्र वाया गेले. आता याच कसोटीवर आजचा कार्यालयीन मेल घासून पाहू.

गेल्या वर्षापासून कॉलेज सुटल्यावर मी जळगावातील एका व्यापारी पेढीत चार तास संगणकावर काम करते. पेढीचे नाव सांगण्याचे कारण नाही. कारण ज्या सवयी मी सांगणार आहे त्या बहुतेक कचेऱ्यांत आहेत. आमची एक शाखा धुळ्याला आहे. दोन्हीकडच्या टपालपेट्या उघडून वर्गवारी लावणे हे माझे काम. त्यामुळे मेल लिहिणाऱ्यांच्या नाना तऱ्हा मला रोज पाहायला मिळतात.

पहिली तऱ्हा विषयाची. शाळेत अर्ज शिकवताना गुरुजी सांगत, 'विषय' लिहिल्याशिवाय पुढे जायचे नाही. मेलमध्ये विषयाची ओळ कोरी तरी असते, नाहीतर दुसऱ्याच कामाची असते. जुना मेल उघडायचा, 'उत्तर द्या' हे बटण दाबायचे आणि त्याखाली नवीच भानगड लिहायची. त्यामुळे दिवाळीच्या शुभेच्छांखाली बारदानाचा हिशेब सापडतो आणि बारदानाखाली कोणाच्या तरी रजेचा अर्ज!

दुसरी तऱ्हा 'सर्वांना उत्तर' देण्याची. साहेबांनी बढतीची बातमी कळवली की एक जण 'अभिनंदन' लिहितो आणि ते सगळ्यांना पाठवतो. मग उरलेल्या एकोणतिसांना वाटते, आपले अभिनंदन दिसले नाही तर? झाले, तीस जणांच्या पेट्यांत तीस-तीस अभिनंदने! हा रोग केवळ आपल्याकडचा नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत नोव्हेंबर २०१६ मध्ये एक चाचणीचा मेल चुकून सुमारे ८ लाख ४० हजार कर्मचाऱ्यांना गेला. 'मला हा मेल का आला?' असे अनेकांनी सर्वांनाच विचारले, 'कृपया सर्वांना उत्तर देऊ नका' हेही काहींनी सर्वांनाच कळवले, आणि सगळी टपालव्यवस्था मंदावली. शहाणपण सांगण्याची घाई ही कधीकधी मूळ चुकीपेक्षा महाग पडते.

तिसरी तऱ्हा सर्वांत वाईट. ती म्हणजे वरिष्ठांना प्रत पाठवून शेजाऱ्याला दम देणे. 'सीसी' ही अक्षरे कार्बन कॉपीची. टंकलेखन यंत्रात दोन कागदांमध्ये काळा कार्बन घालून प्रत काढत, तेव्हा प्रत काढायला कष्ट पडत, म्हणून ती गरज असेल तेवढ्यांनाच जाई. आता प्रत फुकट झाली. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला एक आकडा विचारायचा, तर उठून विचारायचे नाही. मेल करायचा आणि त्याची प्रत मॅनेजरला, मॅनेजरच्या मॅनेजरला लावायची. शब्द कसे? 'कृपया', 'सविनय', 'आपल्या माहितीसाठी'! वरून साखर आणि आत चाकू. ज्याला मेल येतो त्याचा दिवस उत्तर देण्यात नव्हे, स्वतःला वाचवण्यात जातो.

चौथी तऱ्हा 'तातडीचे' हा शब्द. दहातले आठ मेल तातडीचे असतील तर तातडीचा अर्थ काय राहिला? लांडगा आला रे आला, या गोष्टीतल्या मुलासारखे होते. त्यात काही जण रात्री अकराला मेल पाठवतात आणि सव्वाअकराला फोन करून विचारतात, "मेल पाहिला का?" फोन करायचाच होता तर मेल कशाला? अहो, घरी जाऊन भाकरी खाणाऱ्यालाही काही हक्क असतात! फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून, पन्नासहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत, कामाच्या वेळेनंतर मेलपासून दूर राहण्याच्या हक्काबाबत कामगारांशी बोलणी करणे कायद्याने बंधनकारक झाले. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी याच हक्कासाठी २०१८ साली लोकसभेत खाजगी विधेयक मांडले होते. खाजगी विधेयकांचे आपल्याकडे सहसा कायदे होत नाहीत, पण निदान प्रश्न संसदेच्या दारापर्यंत गेला.

पाचवी तऱ्हा खास मराठी आहे. 'सोबत जोडले आहे' म्हणून लिहायचे आणि सोबत काहीच जोडायचे नाही, हे तर जगभर चालते. पण आपल्याकडे जोडलेले उघडले तरी वाचता येईलच असे नाही! धुळ्याहून मराठी पत्र येते, ते जुन्या फाँटमध्ये टंकलेले असते. तो फाँट आमच्या संगणकावर नसला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि टिंबे-चिन्हे यांची खिचडी दिसते. देवनागरी ही युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. युनिकोडमध्ये टंकले की मजकूर कुठल्याही यंत्रावर वाचता येतो. तरीही सवय सुटत नाही. मग यावर तोडगा कोणता? 'जाऊ द्या, इंग्रजीतच पाठवा.' म्हणजे दोष आळसाचा, आणि शिक्षा मराठीला! ते इंग्रजी तरी कसे, तर लिहिणाऱ्याला धड येत नाही आणि वाचणाऱ्याला धड कळत नाही. दोन खान्देशी माणसे एकमेकांना परकीय भाषेत निरोप देतात आणि मग फोनवर अहिराणीत त्याचा अर्थ विचारतात, याहून मोठा विनोद कोणता?

इथवर वाचून कोणी म्हणेल, या गमती आहेत, थोडा त्रास होतो इतकेच. मला तसे वाटत नाही. मागच्या हिवाळ्यात घडलेला एक प्रसंग सांगते. धुळ्याहून येणारा तुरीचा ट्रक एक दिवस उशिरा येणार होता. तसा मेल आदल्या संध्याकाळी, मी घरी गेल्यावर, आला. विषयाच्या जागी जुन्या कुठल्यातरी शुभेच्छा होत्या. आणि तो चौदा जणांना गेला होता. चौदा जणांपैकी प्रत्येकाला वाटले की उरलेल्या तेरांपैकी कोणीतरी गोदामावर कळवील. गोदामातल्या मुकादमाकडे मेल नाही. सकाळी आठला सहा हमाल येऊन बसले ते संध्याकाळपर्यंत बसले. त्यांची मजुरी पोत्यामागे. पोते नाही तर पैसा नाही. दुसऱ्या दिवशी धुळेवाले म्हणाले, "आम्ही मेल पाठवला होता." जळगाववाले म्हणाले, "आम्हाला वाटले, गोदामाला कळवले असेल." दोघेही नियमाने बरोबर! दोघांचाही पगार शाबूत! रोज बुडाला तो सहा जणांचा. माझे वडील मार्केट यार्डात पोती उचलतात. त्यामुळे एक रोज बुडणे म्हणजे काय, हे मला कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

'मेल पाठवला होता' हे वाक्य आज कचेऱ्यांतले अभेद्य कवच झाले आहे. काम झाले की नाही हा प्रश्नच उरत नाही. मी माझ्या अंगावरचे ढकलले की नाही, एवढाच प्रश्न उरतो. या सर्व तऱ्हांच्या मुळाशी यंत्र नाही, भीती आहे. विषय न लिहिणारा आळशी असेल. पण साहेबाला प्रत लावणारा, चौदा जणांना एकच निरोप धाडणारा, रात्री अकराला बटण दाबणारा माणूस मनातून घाबरलेला असतो. उद्या आपल्यावर ठपका आला तर? म्हणून तो पुरावा तयार करतो. पुरावा तयार होतो, संवाद होत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. लेखी नोंद नको का? तोंडी सांगितलेले उद्या कोणी नाकारले तर कनिष्ठ माणूसच भरडला जातो. हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याने २००० साली इलेक्ट्रॉनिक नोंदींना कायदेशीर मान्यता दिली. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात 'माहिती'च्या व्याख्येत ई-मेलचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे सरकारी कचेरीतला मेल उद्या एखादा शेतकरीसुद्धा दहा रुपयांचा अर्ज करून मागू शकतो. ही लोकशाहीतली मोठी शक्ती आहे. पण म्हणूनच तो मेल नीट लिहिलेला असायला हवा! ज्या नोंदीतून कोणी काय ठरवले हे कळत नाही, ती नोंद असून नसल्यासारखी.

मग करायचे काय? मला सुचते ते फार अवघड नाही. विषय एका ओळीत लिहावा आणि एका मेलमध्ये एकच काम सांगावे. कोणी काय करायचे आणि केव्हापर्यंत, हे पहिल्या दोन वाक्यांत असावे. ज्याने काम करायचे त्याचे नाव घ्यावे. चौदा जणांची जबाबदारी ही कोणाचीच नसते. ज्याच्याकडे मेल नाही त्याला कोण कळवणार, तेही लिहावे. मराठी माणसाला मराठीत, युनिकोडमध्ये लिहावे. शेजारी बसलेल्याशी बोलावे. आणि रागाच्या भरात लिहिलेला मेल सकाळपर्यंत ठेवून द्यावा; पुष्कळदा सकाळी तो पाठवावासाच वाटत नाही.

दुसरी विनंती आपल्या प्राध्यापकवर्गाला आहे. आम्ही निबंध लिहितो, रसग्रहण करतो, अलंकार ओळखतो. हे सारे हवेच. पण आमच्यापैकी कित्येकांच्या घरात आजवर कोणी कचेरीत बसलेले नाही. 'सीसी' म्हणजे काय हे सांगणारा काका-मामा आम्हाला नाही. नोकरीच्या पहिल्याच दिवशी कोऱ्या विषयाच्या मेलवरून आमची परीक्षा होते आणि 'खेड्यातली पोरे' असा शिक्का बसतो. व्यावहारिक मराठीच्या तासाला, संगणकापुढे बसवून, आमच्याकडून दहा खरे मेल लिहून घ्यावेत. लाल शाईने दुरुस्तही करावेत. त्याने साहित्याची अप्रतिष्ठा होणार नाही. उलट, कमी शब्दांत नेमके बोलणे हाही भाषेचाच संस्कार आहे.

शेवटी प्रश्न सौजन्याचा आहे, आणि सौजन्य म्हणजे 'कृपया' हा शब्द नव्हे. आपल्या निरोपाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस आहे, त्याला वेळ आहे, घर आहे, कदाचित बुडणारा रोज आहे, हे ध्यानात ठेवणे म्हणजे सौजन्य. उद्या आपल्यापैकी जो कोणी साहेब होईल, त्याने बटण दाबण्यापूर्वी इतकेच पाहावे, की गोदामातल्या मुकादमाने "काय लिखेल शे?" असे विचारले, तर एका वाक्यात उत्तर देता येईल का? येत असेल तर खुशाल पाठवावे. बहुत काय लिहिणे!

– एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला