आठवीचा प्रवेश : लागणीआधीची मशागत



या पानावर मी एरवी बेण्याबद्दल, हुमणीबद्दल, नाही तर खोडव्यात पाचट कसे ठेवावे याबद्दल लिहितो. आजचा विषय वेगळा आहे. तरीही तो शेतकी खात्याचाच आहे असे मी मानतो, कारण तो मला गट ऑफिसच्या टेबलावर दरवर्षी भेटतो.

जून-जुलैत आडसाली लागणीच्या नोंदी सुरू होतात. नोंद घालायला आलेला सभासद सातबारा काढून ठेवतो, विहिरीला पाणी किती, पाटाची पाळी केव्हा हे सांगतो. को ८६०३२ लावू की फुले २६५, यावर अर्धा तास बोलतो. बेणे कुणाच्या रानातले, किती महिन्यांचे, सरी किती फुटांची, सारे त्याला तोंडपाठ असते. नोंद झाली, सही झाली, की उठता उठता विचारतो, "साहेब, पोरगं सातवी पास झालं. आठवीला कुठं घालू?"

मी विचारतो, "तात्या, प्रवेश कधी घ्यायचाय?"

तात्या म्हणतात, "उद्याच. हेडमास्तरांनी बोलावलंय."

आता सांगा, उद्या लागण करायची आणि आज विचारायचे की रान कोणते आणि बेणे कोणते, असे आपण उसाच्या बाबतीत कधी करतो का? बेणेमळा आपण दहा-अकरा महिने आधी धरतो. ताग गाडतो. माती तपासून घेतो. आणि पोराच्या पुढच्या सगळ्या शिक्षणाची दिशा मात्र एका रात्रीत, तीही चहा पिता पिता ठरते. यात मी एकट्या सभासदाला दोष देत नाही. आमच्याकडे बेणे सांगायला माणूस आहे, हे सांगायला माणूसच नाही.

आपल्या भागात जिल्हा परिषदेची शाळा कुठे चौथी-पाचवीपर्यंत, कुठे सातवीपर्यंत, एखाद्या गावी आठवीपर्यंत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते आठवी हे प्राथमिक शिक्षण ठरवले. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने सहावी ते आठवी हा एक टप्पा आणि नववी ते बारावी हा पुढचा टप्पा सांगितला. कागदावर सांधा आठवी-नववीत आला. पण ज्या गावची शाळा सातवीला संपते त्या गावात सांधा सातवी-आठवीतच राहिला आहे, कारण शाळा सोडल्याचा दाखला तिथेच निघतो. गाव सुटते, मास्तर बदलतात, रोजचा रस्ता बदलतो, आणि काही विषय निवडावेही लागतात. उसाला जशी मोठी बांधणी, तशी ही पोराची मोठी बांधणी. ती चुकली की पुढे खत कितीही टाका.

माझेच उदाहरण देतो. माझे वडील छोटे ऊस उत्पादक. माझ्या आठवीच्या प्रवेशाला ते येऊ शकले नाहीत, चुलत्यांबरोबर गेलो. हायस्कूलच्या क्लार्कने विचारले, "हिंदी का हिंदी-संस्कृत? साधं का तांत्रिक?" चुलते म्हणाले, "सोपं असंल ते लिवा." ते लिहिले गेले. दहावीला मार्क बरे पडले म्हणून तालुक्याला अकरावी सायन्सला गेलो. तिथे पहिल्या दिवशी भौतिकशास्त्राचा तास सुरू झाला तो सगळा इंग्रजीत. आम्ही 'गुरुत्वाकर्षण' शिकून आलेलो, फळ्यावर 'ग्रॅव्हिटेशन'. गोष्ट तीच, पण ती तीच आहे हे कळायला मला दिवाळी उजाडली. चाचणीत तीन विषयांत नापास झालो आणि वर्ष अर्धे टाकून घरी आलो. पुढच्या जूनमध्ये कृषी पदविकेला गेलो.

पदविकेची मला लाज नाही. तिनेच भाकरी दिली आणि तुमच्या बांधावर उभे राहण्याचा मान दिला. पण कृषी पदवी घ्यायची माझी इच्छा होती, ती राहिली. ती बुद्धी नव्हती म्हणून राहिली असे मला आजही वाटत नाही. अकरावीला काय वाट्याला येणार हे आठवीला कोणी सांगितले नाही, म्हणून राहिली.

आता दुसरी गोष्ट, तीही माझ्याच चुकीची. काही वर्षांमागे एका सभासदाने असेच उठता उठता विचारले. माझ्या डोक्यात माझीच अकरावी. मी ताडकन सांगितले, "सेमी इंग्रजीत घाला, डोळे झाकून." घातले. त्या शाळेत विज्ञानाच्या शिक्षकाची जागा रिकामी होती हे मी विचारले नाही. पोराला गणित-विज्ञान इंग्रजी पुस्तकातून पाठ करायला लावले जाई. त्याला ना इंग्रजी आले, ना विज्ञान. दिवाळीनंतर पोरगे ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून ट्रॉलीबरोबर गव्हाणीपर्यंत येऊ लागले. काट्यावर मला दिसले तेव्हा मी विचारले, "शाळा?" खाली मान घालून म्हणाले, "काय कळत न्हाई, साहेब." वडिलांनी आणि मी मिळून त्याला दुसऱ्या शाळेत मराठी माध्यमात बसवले, तेव्हा तो दहावीपर्यंत पोचला. पण त्याचे एक वर्ष माझ्या घाईच्या सल्ल्याने गेले. तेव्हापासून मी उठता उठता सल्ला देणे बंद केले आहे.

म्हणून माझे मत असे आहे की आठवीचा निर्णय जूनमध्ये घ्यायचाच नाही. तो सातवीच्या संक्रांतीला घ्यायचा. तेव्हा हातात चार-पाच महिने असतात. त्या काळात चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, दहावीनंतरची दारे. आपल्या कारखान्यातच फिरून पाहा. फिटर, वेल्डर आयटीआयचे. मिल हाऊस आणि बॉयलरवरचे सुपरवायझर पॉलिटेक्निकचे. लॅबोरेटरीतला केमिस्ट रसायनशास्त्राचा पदवीधर. अकौंट्स खात्यात कॉमर्सवाले. शेतकी खात्यात आमच्यासारखे पदविकेचे आणि कृषी पदवीचे. दहावीनंतर आयटीआय, पॉलिटेक्निक, कृषी पदविका. कृषी पदवीसाठी बारावी सायन्स आणि सीईटी, मग राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारपैकी एखाद्या विद्यापीठाच्या कॉलेजात प्रवेश. यातली बरीचशी दारे गणित आणि विज्ञानाच्या किल्लीने उघडतात. तेव्हा "आमच्या पोराला गणित जमत न्हाई" असे सातवीतच बोलून ती किल्ली विहिरीत टाकू नका. न जमणारे गणित बहुधा पाचवी-सहावीतले अपूर्णांक आणि शेकडेवारी असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने बसवले तर ते जमते.

दुसरी, माध्यम. सेमी म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकीचे विषय मराठीत. पुढे सायन्सला जायचे असेल तर याचा उपयोग होतो, हे माझ्या अनुभवाने सांगतो. पण शाळेच्या पाटीवर 'सेमी' लिहिलेय म्हणून भुलू नका. जाऊन विचारा : गणिताला कोण, विज्ञानाला कोण, प्रयोगशाळा उघडते का? नववीत शिकणाऱ्या गावच्याच पोराला विचारा, तो खरे सांगतो. शिक्षक नसेल तर मराठीतून पक्के विज्ञान शिकलेले बरे. सोबत वहीत प्रत्येक धड्याचे इंग्रजी शब्द लिहून काढावेत. एवढे मी केले असते तर अकरावीची दिवाळी वेगळी गेली असती.

तिसरी, बाकीचे विषय. संपूर्ण हिंदी की संयुक्त हिंदी-संस्कृत, हा प्रश्न फक्त मार्कांचा करू नका, पोराची आवड विचारा. काही हायस्कुलांत तांत्रिक विषय आहे, काही ठिकाणी नववीपासून शेती, वाहनदुरुस्ती असे व्यवसाय विषय आहेत. ज्याचा हात हातोडीवर, मोटारीवर बसतो त्याला ते द्यावेत. ते 'ढ' पोरांचे विषय आहेत ही समजूत काढून टाका. विहिरीवरची मोटर जळाली की आपण ज्याच्या दारात जातो तो ढ नसतो.

चौथी, कागद आणि पैसा. सातवीचा दाखला निघण्यापूर्वी नाव, आडनाव आणि जन्मतारीख आधारकार्डाशी ताडून पाहा, जातही तपासून घ्या. शाळा सोडल्यावर त्यात एक काना बदलायचा तरी शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत फाइल फिरते. आता पैशाचे. आठवीत केंद्र सरकारची आर्थिक दुर्बल घटकांसाठीची शिष्यवृत्ती परीक्षा असते, शाळेत तिला एन.एम.एम.एस. म्हणतात. पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी महिना १,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये. अट अशी की पालकांचे वार्षिक उत्पन्न ३ लाख ५० हजारांच्या आत हवे, सातवीला निदान ५५ टक्के गुण हवेत (अनुसूचित जाती-जमातीला ५० टक्के), आणि मूल सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकत असावे. विनाअनुदानित शाळेत मूल घातले की ही वाट बंद होते. हे प्रवेशाच्या आधी कळायला हवे की नको? तिचे फॉर्म बहुतेक वर्षी गळीत हंगाम तोंडावर आला की भरतात. तेव्हा आपण सगळे टोळी कधी येणार या चिंतेत असतो, आणि फॉर्मची तारीख निघून जाते.

आणखी एक. पूर्वी आठवीपर्यंत पोरगे ढकलत वर जायचे. २०२३-२४ पासून आपल्या राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते. नापास झाला तर एकदा फेरपरीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात. तेव्हा नव्या शाळेतले पहिले वर्ष रुळण्यात घालवायला आता सवड राहिलेली नाही.

इथवर मी 'पोरगे, पोरगे' म्हणत आलो. मुलींचे मुद्दाम वेगळे सांगतो, कारण त्यांच्या बाबतीत माध्यम, विषय यांपर्यंत बोलणे पोचतच नाही. "आठवीची शाळा पाच किलोमीटरवर, एकटी कशी जाणार?" इथेच फाइल बंद. एक आजीबाई मला म्हणाल्या, "सातवी झाली, लिवाय-वाचाय येतंय, बास की." त्यांचे वय पाहून मी गप्प बसलो, पण इथे गप्प बसत नाही. मुलींना शाळेसाठी एस.टी.चा पास मोफत आहे. ज्या वेळेला गाडी नाही तिथे चार पालकांनी सह्यांचा अर्ज घेऊन आगारप्रमुखांकडे जावे. तेही जमले नाही तर गावातल्या पाच-सहा मुलींनी एकत्र सायकलीवर जावे. ज्या बाईच्या नावावर शेअर आहे, जी बाई उसाच्या बिलावर सही करते, तिची लेक रस्त्यामुळे घरी बसते हे आपल्या सहकाराला शोभत नाही.

शोभत नाही असे म्हणतो, त्याला कारण आहे. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली ती खेड्यातल्या पोरांसाठी. १९५० साली प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला, आणि पुढे कारखान्यामागोमाग शाळा-कॉलेजे आली. साखरेबरोबर शिक्षण हा आपल्याकडचा जुना शिरस्ता आहे. इमारती झाल्या. आता त्या इमारतीच्या दारापाशी पालकाला वाट दाखवणारे कोणी हवे.

त्यासाठी मोठा खर्च नको. प्रत्येक गटात जानेवारीत एक बैठक घ्यावी. आसपासच्या हायस्कुलांचे मुख्याध्यापक बोलवावेत आणि सातवीच्या मुलांचे आई-बाप, मुलांसकट. कोणत्या शाळेत कोणते विषय, कोणत्या विषयाला शिक्षक आहे आणि कोणत्या नाही, हे एका कागदावर लिहून गट ऑफिसच्या भिंतीला लावावे. स्लिपबॉय तोडणीची चिठ्ठी घेऊन घरोघर जातोच, शिष्यवृत्तीच्या तारखेची चिठ्ठीही त्याने न्यावी. जानेवारी म्हणजे ऐन हंगाम, हे मला कळते. पण ऐन हंगामात आपण लग्नाला जातो, जत्रेला जातो. दोन तास यालाही निघतील. मी नोकर माणूस, ठराव मांडणे माझे काम नाही. सभासदांनी वार्षिक सभेत हा विषय काढावा. संचालक मंडळ ऐकेल असा भरवसा आहे.

तोवर एवढे करा. आज घरी गेल्यावर सहावी-सातवीतल्या लेकराला जवळ बसवा आणि विचारा, "तुला काय आवडतं? काय जड जातं?" आपण मातीचा नमुना काढून प्रयोगशाळेला पाठवतो, उत्तर आल्याशिवाय खताची पोती आणत नाही. इथे तर माती स्वतः बोलते. फक्त विचारायला हवे.

आडसालीच्या नोंदीला याल तेव्हा हाही विषय घेऊन या. पण उठता उठता नको. बसून बोलू.

जय सहकार.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग