कचरा, उंदीर आणि पगाराचा हिशेब

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात २०२५ च्या जानेवारीत कचरा उचलणाऱ्या कामगारांनी अधूनमधून काम बंद ठेवायला सुरुवात केली. ११ मार्चपासून त्याचे बेमुदत संपात रूपांतर झाले. ३१ मार्चला महापालिकेने आपत्कालीन स्थिती जाहीर केली, तेव्हा शहराच्या रस्त्यांवर सुमारे १७ हजार टन कचरा साचला होता. एप्रिलमध्ये नियोजनासाठी लष्कराच्या अधिकाऱ्यांची मदत घ्यावी लागली. फाडलेल्या काळ्या पिशव्या आणि त्यांतून पळणारे उंदीर यांची छायाचित्रे जगभर पोहोचली. जुलैमध्ये महापालिकेने वाटाघाटी थांबवल्या आणि वर्ष संपले तरी संप मिटला नव्हता.

अकरा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरात हा संप करणारे कामगार होते चारशेच्या आसपास. इतक्या थोड्या लोकांनी काम थांबवल्यावर श्रीमंत देशातील दुसऱ्या क्रमांकाचे शहर असे हतबल व्हावे, यातच या कामाचे सार्वजनिक आरोग्यातील मोल दिसते. मात्र वाटाघाटींच्या टेबलावर चर्चा झाली ती फक्त पौंडांची.

वादाचे मूळ

तात्कालिक कारण एका पदाचे होते. कचरागाडीच्या मागे काम करणाऱ्या पथकात एक जण सुरक्षितता आणि पुनर्वापराच्या कचऱ्याची नोंद पाहत असे. त्याला थोडी वरची श्रेणी होती. हे पद महापालिकेने रद्द केले. 'युनाइट' या कामगार संघटनेच्या म्हणण्यानुसार त्यामुळे सुमारे दीडशे कामगारांचे वर्षाला आठ हजार पौंडांपर्यंत नुकसान होणार होते. महापालिकेचे म्हणणे असे की, जास्तीत जास्त फटका बसणारे कामगार केवळ १७ आहेत आणि तो फटकाही वर्षाला सहा हजार पौंडांच्या आसपास आहे. बाकीच्यांना दुसरे काम, प्रशिक्षण किंवा स्वेच्छानिवृत्तीचा पर्याय दिला आहे. एप्रिलमध्ये महापालिकेचा प्रस्ताव मतदानाला आला, तेव्हा ९७ टक्के मते विरोधात पडली.

गंमत अशी की, हे पद जन्मालाच आले होते एका संपातून. २०१७ च्या उन्हाळ्यातही याच शहरात कचरा कामगारांचा असाच संप झाला होता. तेव्हाही गाडीमागच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेली जागा रद्द करण्याचा बेत होता. रस्त्यांवर कचरा साचला, प्रकरण न्यायालयात गेले, महापालिकेतील सत्ताधारी नेत्याला पद सोडावे लागले आणि शेवटी नवे नाव देऊन तीच श्रेणी टिकवण्यात आली. संप मिटला, पण त्या श्रेणीचे इतर खात्यांतील कामांशी काय नाते, हा प्रश्न तसाच राहिला.

तो प्रश्न बर्मिंगहॅममध्ये नवा नव्हता. या महापालिकेत पुरुषबहुल खात्यांतील कामगारांना, त्यात कचरा उचलणारेही आले, वर्षानुवर्षे बोनस आणि सवलती मिळत होत्या. वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या, शाळांत स्वयंपाक आणि साफसफाई करणाऱ्या, मुलांना सांभाळणाऱ्या महिला त्याच श्रेणीत असूनही त्यांना ते लाभ नव्हते. महिलांनी दावे दाखल केले. नोकरी सोडून गेलेल्या महिलांनाही सहा वर्षांच्या मुदतीत दिवाणी न्यायालयात दाद मागता येईल, असा निर्णय ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिला. त्यानंतरच्या सुमारे दशकभरात महापालिकेने समान वेतनापोटी जवळपास १.१ अब्ज पौंड मोजले.

तरी प्रश्न सुटला नाही. २०२३ मध्ये आणखी ६५ ते ७६ कोटी पौंडांचे देणे असल्याचा अंदाज महापालिकेने जाहीर केला आणि ५ सप्टेंबरला 'कलम ११४' ची नोटीस काढली. अत्यावश्यक सेवा वगळता नवा खर्च बंद, असा या नोटिशीचा अर्थ. हा अंदाज फुगवलेला होता, अशी टीका पुढे झाली. संगणक प्रणालीवरील बेसुमार खर्चाचाही या संकटात मोठा वाटा होता. पण परिणाम व्हायचे ते झाले. सरकारने आयुक्त नेमले, मालमत्ता विक्रीला निघाल्या, स्थानिक कर एका वर्षी जवळपास १० टक्के आणि पुढच्या वर्षी साडेसात टक्के वाढला. आणि एका श्रेणीतून पुन्हा समान वेतनाचे दावे उभे राहतील, या भीतीने २०१७ च्या तडजोडीतून आलेले ते पद काढून टाकण्यात आले.

उंदीर आणि माश्यांचे वेळापत्रक

कचरा ठरावीक दिवसांनी उचलला जावा, यामागे निव्वळ सोय नाही, जीवशास्त्रही आहे. उबदार हवेत घरमाशीच्या अंड्यापासून पूर्ण माशी तयार व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. त्याआधी ओला कचरा उचलला गेला, तर हे चक्र मध्येच तुटते. फेरी चुकली की त्याच पिशवीतून माश्यांची पुढची पिढी बाहेर पडते. हिवाळ्यात हे चक्र मंदावते. म्हणूनच मार्चमधील ढिगारा आणि जुलैमधील ढिगारा सारख्या वजनाचे असले, तरी आरोग्याच्या दृष्टीने सारखे नसतात.

उंदरांचे गणित वेगळे. रस्त्यांवर दिसणाऱ्या मोठ्या तपकिरी उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत पिलांना जन्म देते आणि ती पिले दोन-तीन महिन्यांत स्वतः प्रजननक्षम होतात. तरीही एखाद्या वस्तीत उंदीर किती राहणार, हे जन्मदरावर फारसे अवलंबून नसते. ते ठरते अन्न आणि आसरा किती आहे यावर. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात १९४० च्या दशकात उंदरांवर जे संशोधन झाले, त्यातून ही गोष्ट ठळकपणे पुढे आली. केवळ विष घालून उंदीर मारले, तर काही महिन्यांत संख्या पूर्वपदावर येते. कचरा झाकला, उचलला आणि बिळांच्या जागा बुजवल्या, तर संख्या कमी होते आणि कमीच राहते. उघड्यावर साचलेला कचरा म्हणजे उंदरांसाठी एकाच वेळी अन्न आणि आसरा. अशा वेळी पिंजरे आणि विषावर केलेला खर्च बराचसा वाया जातो.

यातून साथ येतेच का? तसे नाही. उंदराच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस महाराष्ट्राला चांगला माहीत आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याचा मोठा उद्रेक झाला होता. हा जिवाणू उबदार, ओलसर वातावरणात तग धरतो आणि साचलेल्या पाण्यातून, पायावरच्या जखमांवाटे शरीरात शिरतो. बर्मिंगहॅमची थंड हवा आणि बंदिस्त गटारे यांमुळे तिथे तसा उद्रेक होण्याचा धोका बराच कमी. पण साथ आली नाही म्हणजे आरोग्याचे नुकसान झाले नाही, असे होत नाही. कुजक्या अन्नातून येणारे पोटाचे विकार, फाटक्या पिशव्यांतील काचा आणि सुयांच्या जखमा, कोणी तरी पेटवलेल्या ढिगाऱ्याचा धूर, त्याने वाढणारा दमा, दुर्गंधीमुळे बंद ठेवलेल्या खिडक्या आणि उडालेली झोप, यांची कुठे एकत्र नोंद होत नाही. त्यामुळे संपाच्या हिशेबात ही बाजू कोरीच राहते.

शिवाय हा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. ज्याच्याकडे गाडी आहे, तो पिशव्या भरून कचरा केंद्रावर नेऊन टाकतो. ज्याला अंगण आहे, तो पिशव्या घरापासून दूर ठेवू शकतो. स्मॉल हीथ, स्पार्कहिलसारख्या दाट वस्तीच्या भागांत, जिथे घरे एकमेकांना चिकटलेली आहेत आणि दक्षिण आशियाई वंशाची कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, तिथे कचरा थेट दारात साचतो. वाद पालिका आणि संघटना यांच्यातला. भोगणारा मात्र तिसराच, आणि त्यातही सर्वांत कमी साधने असलेला.

कामाचे वजन कसे करायचे?

मग चूक कोणाची? कचरा कामगारांची मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. ब्रिटनमध्ये कचरा संकलन हे सर्वाधिक जीवघेण्या कामांपैकी एक आहे. तेथील मृत्यूचे प्रमाण सर्व उद्योगांच्या सरासरीच्या कित्येक पट आहे. गाडीमागच्या सुरक्षिततेचा मुद्दा किती जुना आहे, हे अमेरिकेतील मेम्फिसच्या उदाहरणावरून कळते. १ फेब्रुवारी १९६८ रोजी तिथे कचरा दाबण्याच्या यंत्रात सापडून दोन कामगार ठार झाले. त्यानंतर १३०० कृष्णवर्णीय सफाई कामगार संपावर गेले. त्यांच्या पाठिंब्यासाठी आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची त्याच शहरात ४ एप्रिलला हत्या झाली. पगारवाढ आणि संघटनेला मान्यता त्यानंतरच मिळाली.

पण शुश्रूषा करणाऱ्या महिलेचे काम हलके आहे का? अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उचलून बसवताना तिची पाठ जाते. मलमूत्राचा आणि संसर्गाचा संपर्क तिलाही असतो. स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णाचा मार ती कधी कधी खाते, मरणाऱ्या माणसाजवळ ती बसते. हे श्रम रस्त्यावर दिसत नाहीत, त्यांचा वास येत नाही आणि ते थांबले तर छायाचित्रे निघत नाहीत. संपाची ताकद दिसण्यात असते. जे काम थांबताच शहराला दिसते, त्याला तडजोडीत काही तरी मिळते. जे दिसत नाही, ते मागे राहते.

ही विषमता टाळण्यासाठीच ब्रिटनमधील स्थानिक संस्थांनी १९९७ मध्ये सर्व कर्मचाऱ्यांसाठी एकच वेतनरचना आणण्याचा करार केला. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या राष्ट्रीय पातळीवरील मूल्यमापन पद्धतीत कामाचे वजन १३ निकषांवर होते. ज्ञान, शारीरिक कौशल्य, शारीरिक ताण, मानसिक ताण, भावनिक ताण, माणसांची जबाबदारी, कामाची जागा वगैरे. यात भावनिक ताण हा वेगळा निकष आहे, हे महत्त्वाचे. पद्धत निर्दोष नाही. गुण देणारी माणसेच असतात आणि त्यांचे पूर्वग्रह गुणांत उतरतात. तरी एका मापाने मोजल्याशिवाय दोन कामांची तुलनाच होऊ शकत नाही.

बर्मिंगहॅममध्ये हे माप कागदावर होते. व्यवहारात दर वेळी त्याला बगल दिली गेली. कधी बोनस, कधी नवे पद, कधी नेमलेली फेरी संपली की वेळेआधी घरी जाण्याची मुभा. ही मुभाही महिलांच्या दाव्यांत कळीचा मुद्दा ठरली. त्याच मुभेमुळे काम घाईने उरकले जाते आणि अपघात वाढतात, असे सुरक्षातज्ज्ञ सांगत आले आहेत. म्हणजे जी सवलत कामगारांच्या फायद्याची म्हणून दिली, तीच त्यांच्या आणि महिलांच्याही मुळावर आली. २०२४ च्या अखेरीस महिलांच्या सुमारे सहा हजार दाव्यांवर तडजोड झाली आणि काही आठवड्यांतच कचऱ्याचा संप सुरू झाला. एकीकडची थकबाकी भरताना दुसरीकडचा पगार कापायचा, असे चित्र कामगारांपुढे उभे राहिले. समान वेतनाचा अर्थ कमी पगाराच्या बाईला वर आणणे हा आहे, पुरुषाला खाली ओढणे नव्हे, हा संघटनेचा युक्तिवाद इथे बिनतोड आहे. पण महापालिकेची तिजोरी रिकामी आहे, हेही तितकेच खरे.

आपल्याकडचे माप

महाराष्ट्रातील महापालिकांना यात स्वतःचे प्रतिबिंब दिसायला हवे. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करून घेण्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याआधी ऑक्टोबर २०१६ मध्ये पंजाबच्या एका प्रकरणात याच न्यायालयाने, तेच काम करणाऱ्या हंगामी कर्मचाऱ्याला कायम कर्मचाऱ्याइतके किमान वेतन मिळालेच पाहिजे, असे बजावले होते. आपल्याकडची लढाई अजून 'तेच काम, तोच पगार' या पहिल्या पायरीवर आहे. एकाच गाडीवर कायम आणि कंत्राटी कामगार शेजारी शेजारी उभे असतात. हातमोजे, गमबूट, आजारपणाची रजा, विमा यांतला फरक त्यांच्या तब्येतीत उतरतो.

वेगवेगळ्या पण सारख्या मोलाच्या कामांना सारखे वेतन, ही पुढची पायरी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५१ च्या करारात ती आहे आणि भारताने तो करार १९५८ मध्ये स्वीकारला. तरीही १९७६ च्या समान वेतन कायद्याने 'तेच किंवा सारख्या स्वरूपाचे काम' एवढेच पाहिले. घरोघर फिरणारी आशा सेविका किंवा अंगणवाडीताई यांच्या कामाचे वजन सफाई कामगाराच्या किंवा कारकुनाच्या कामाशी कोणत्या तराजूत करायचे, हा प्रश्न आपण विचारलेलाच नाही. 'मानधन' हा शब्द वापरला की तो विचारावा लागत नाही.

हा प्रश्न आर्थिक संकटात, संप सुरू असताना आणि न्यायालयाची तारीख तोंडावर असताना सोडवायचा म्हटले की काय होते, ते बर्मिंगहॅमने दाखवले आहे. अर्थसंकल्पात सफाई आणि शुश्रूषा यांचे वेतन आस्थापना खर्चात मोडते आणि आस्थापना खर्च म्हणजे कापायची गोष्ट, असे समजले जाते. लस, औषधफवारणी आणि रुग्णालयातील खाटा यांच्या शेजारी हे आकडे मांडले, तर वेतनवाटाघाटींत आरोग्य विभागाला बसवावे लागेल आणि कामांचे मूल्यमापन संपाची नोटीस येण्याआधी करावे लागेल. त्यालाही पैसा लागेलच. पण १७ हजार टन कचरा साचल्यानंतर लागणारा पैसा त्याहून जास्त असतो, आणि तो कोणाच्या दारात साचतो हेही आता माहीत झाले आहे.