गुरुजी शिकत राहिले, तर पोर वाचेल



या सदरात आपण एरवी बियाणे, खते, पाणी यांविषयी बोलतो. आज शाळेविषयी बोलू. शेतीखात्याच्या माणसाला शाळेची उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. पण कीटकनाशकाची बाटली हातात घेऊन पाहा. तिच्यावर रंगाची खूण असते. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. रंग कोणालाही ओळखता येतो. पण किती पाण्यात किती औषध घालायचे, फवारल्यावर किती दिवस तोडणी करायची नाही, हे अक्षरांतच असते. घरात वाचणारे कोणी नसेल, तर अंदाजाने फवारणी होते आणि जीव धोक्यात येतो.

कागदाचेही तसेच. न वाचता उठवलेला अंगठा किती महाग पडतो, हे आपल्याकडच्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. हातच्या गेलेल्या जमिनींसाठी १९७२ च्या सुमारास शहादे-तळोदे भागातले आदिवासी संघटित झाले. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा राज्याचा कायदा १९७४ सालचा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शंभरात ८२ माणसे साक्षर होती, तर आपल्या नंदुरबार जिल्ह्यात ६४.

मग पोरे शाळेत जाऊनही वाचायला का अडतात? पोर मठ्ठ म्हणून नव्हे. सातपुड्याकडच्या पाड्यांत घरची बोली भिली किंवा पावरी, सपाटीवर कुठे अहिराणी, कुठे गुजरी. भिली बोलणाऱ्या कितीतरी घरांत आईला ‘याहा’ म्हणतात. याहा मोगीच्या नावातली ‘याहा’ तीच. पुस्तकात मात्र ‘आई’ असते. पोराला एकाच वेळी नवी भाषा आणि नवी अक्षरे, अशी दोन ओझी उचलावी लागतात. जाणते गुरुजी आधी ‘याहा’ फळ्यावर लिहितात आणि मग शेजारी ‘आई’. ओळखीच्या शब्दावरून पोर अनोळखी शब्दाकडे जाते. ओल असलेल्या जमिनीत पेरावे, तसेच हे.

सगळी बाराखडी आधी घोकून घेण्याचीही गरज नाही. म, क, स ही तीन अक्षरे आणि एक काना एवढे आले, तर मका, मामा, काका, मासा, काम असे पाच शब्द पोराच्या हाती येतात. आपल्या शेतातला ‘मका’ स्वतः वाचला की त्याला हुरूप येतो, आणि पुढचे अक्षर ते आपणहून मागते.

पण हे गुरुजींना कोण शिकवणार? इथे कोसबाडची आठवण ठेवण्यासारखी आहे. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, आता तो पालघर जिल्ह्यात आहे. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. अनुताईंच्या गाठीशी पुण्यातल्या शाळेतला कित्येक वर्षांचा अनुभव होता. पण आदिवासी पाड्यांवरची मुले शाळेत येईनात. तेव्हा मुलांना दोष न देता या बाईच पाड्यावर गेल्या आणि अंगणात शाळा भरवू लागल्या. तीच अंगणवाडी. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली मुले गुरे राखायला जात, म्हणून कुरणातच शाळा भरली. तिचे नाव कुरणशाळा. पाने, दगड, बिया हेच शिकवण्याचे साहित्य. अनुताई स्वतः पन्नाशीला टेकल्यावर, १९६१ साली, बी. ए. झाल्या. मुलांना शिकवता शिकवता त्या आयुष्यभर शिकत राहिल्या, म्हणूनच त्यांचे शिकवणे ताजे राहिले.

आम्हा शेतीखात्याच्या माणसांनाही पीक-किडीचे नवे ज्ञान घेण्यासाठी वरचेवर प्रशिक्षणाला जावे लागते. पण शेताचा स्वभाव शेतकरीच सांगतो. गुरुजींचेही तसेच आहे. प्रशिक्षणात पद्धत कळते, पण पोराची बोली गावातच कळते. तेव्हा गुरुजी प्रशिक्षणाला गेले, तर ‘शाळा बुडवली’ असे म्हणू नका. परत आल्यावर ‘काय नवे शिकलात?’ असे आपुलकीने विचारा. गुरुजी किंवा बाई परगावच्या असतील, तर त्यांना घरी बोलवा. भांड्यांची, धान्याची, झाडांची, नात्यांची आपली नावे सांगा. म्हाताऱ्या आजीने एखादी कहाणी सांगितली आणि गुरुजींनी ती लिहून घेतली, तर वर्गात वाचायला उत्तम धडा तयार होईल.

आणखी तीन गोष्टी घरात करा. रोज संध्याकाळी दहा मिनिटे पोराकडून मोठ्याने वाचून घ्या. स्वतःला वाचता येत नसले तरी समोर बसा, आणि ‘काय वाचलेस ते सांग’ म्हणा. सांगता आले तर समजले, नाहीतर नुसतेच घोकले. दुसरे, ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जाताना पोराला सोबत नेऊ नका. आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात त्याची सोय होते का, ते शाळेत विचारा. तिसरे, पंधरा वर्षांपुढच्या निरक्षरांसाठी २०२२ पासून ‘उल्लास’ हा नवभारत साक्षरता कार्यक्रम आहे. घरच्या मोठ्या माणसांची नावे त्यात घाला. आईला अक्षर आले की घरातच दुसरी शाळा सुरू होते.

बियाणे कितीही चांगले असले, तरी पेरणाऱ्याला जमीन ओळखता आली पाहिजे. आपल्या गुरुजींना आपल्या जमिनीची ओळख करून देणे हे गावाचे काम आहे. या आठवड्यात एकदा शाळेत जाऊन या.