रंगभवन गेले, यात्रा गेली

चैत्र सरत आला की भिवंडी तालुक्यात वज्रेश्वरीची जत्रा भरते. ऐन उन्हात माणसे येतात, कारण दिवस ठरलेला आणि जागाही ठरलेली. यंदाचा हा अंक संगीताच्या उत्सवांना वाहिलेला आहे. त्याची सुरुवात जागा गमावलेल्या एका यात्रेपासून करणे भाग आहे.

1978 साली निरंजन झवेरी आणि 'जॅझ इंडिया'तील त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात 'जॅझ यात्रा' भरवली. पहिल्याच वर्षी अमेरिकेचे सॉनी रॉलिन्स सॅक्सोफोन घेऊन त्या खुल्या रंगमंचावर उभे राहिले. पुढे दर दोन वर्षांनी देशोदेशीचे वादक इथे येऊ लागले. गोव्याच्या ब्राझ गोन्साल्विस यांचा सॅक्सोफोन, लुई बँक्स यांचा पियानो आणि रमामणी यांचा कर्नाटकी गळा याच वातावरणात एकत्र आले आणि युरोपपर्यंत ऐकले गेले.

हे पीक एका रात्रीत आलेले नव्हते. गोव्याहून पोटापाण्यासाठी आलेल्यांचे कूड, म्हणजे गावागावांच्या नावाने चालणारी बिऱ्हाडे, याच धोबीतलावात होते. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेली मुले तिथे उतरत आणि हॉटेलांत, सिनेमात काम शोधत. 1935 साली लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वाद्यवृंद ताज हॉटेलात वाजू लागला आणि या मुलांना जॅझ जवळून ऐकायला मिळाला. हळदोण्याचे आंतोनियु झेवियर वाझ ट्रम्पेटवर 'चिक चॉकलेट' म्हणून गाजले. 1951 च्या 'अलबेला' चित्रपटाला संगीत पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचे होते, त्यात चिक यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसला. त्या गाण्यांवर ताल धरणाऱ्या मराठी घरांत जॅझ तेव्हाच पोचला होता, त्याचे नाव कुणी विचारले नव्हते एवढेच.

मग यात्रा आटली कशाने? कारणे अनेक असतील. पण या अंकाच्या मते मोठा घाव जागेचा होता. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र ठरवले. रंगभवनाला लागून झेवियर्स कॉलेज, जवळच कामा रुग्णालय. त्यामुळे तिथले कार्यक्रम थांबले. रुग्णाच्या झोपेपेक्षा सॅक्सोफोन मोठा नाही, हे मान्यच आहे. मात्र त्या खुल्या रंगमंचाच्या तोलाची, सामान्य माणसाला परवडणारी दुसरी जागा शहराने दिली नाही.

स्वित्झर्लंडच्या माँत्रूचे उदाहरण यासाठीच पाहावे. तिथल्या पर्यटन कार्यालयात काम करणाऱ्या क्लोद नोब्स यांनी 1967 साली तीन दिवसांचा जॅझ महोत्सव सुरू केला. आज तो उन्हाळ्यात दोन आठवड्यांहून अधिक चालतो. गाव पाठीशी होते.

भिवंडीत गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची आणि ऐकणाऱ्यांची उणीव नाही. इथे कव्वालीला रात्र पुरत नाही, भजनी मंडळे गावोगाव आहेत. त्यांच्या शेजारी एखाद्या संध्याकाळी ट्रम्पेटही वाजू शकतो. त्यासाठी महापालिकेने शांतता क्षेत्राबाहेरचे एक मैदान कायमचे राखून ठेवावे, तिथे साधा पक्का रंगमंच बांधावा आणि त्याचे भाडे हौशी मंडळांना झेपेल असे ठेवावे. उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकांना रात्री दहाची मर्यादा आहे. सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी वर्षातले काही मोजके दिवस ती मध्यरात्रीपर्यंत वाढवण्याची मुभा राज्य सरकारला आहे. त्यांतला एखादा दिवस भिवंडीच्या संगीतासाठी मागावा. अर्ज पावसाळ्यातच गेला, तर उन्हाळ्याआधी मंडप ठरवायला वेळ मिळेल.