चाक मोठं, टायर रुंद: मुरुडच्या हिवाळ्यात हा सौदा परवडतो का?

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे नवे दर लागू झाले. गाड्यांच्या टायरवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला, छोट्या गाड्यांवरचाही १८ वर आला, आणि ट्रॅक्टरच्या टायरवरचा तर १८ वरून थेट ५ वर. नेमक्या त्याच आठवड्यात धाराशिव, लातूर, बीड भागात असा पाऊस कोसळला की नदीकाठची शेतं खरवडून निघाली. टायर स्वस्त झाले आणि ते टायर ज्यावर फिरणार ते रस्ते उखडले, दोन्ही एकदमच.

त्यानंतर दिवाळी, आणि दिवाळीनंतर ऊस. २०२५ मध्ये गाळप हंगाम १ नोव्हेंबरपासून सुरू झाला. लातूर-बार्शी रस्त्यावर मुरुडच्या आसपास हिवाळ्यात गाडी चालवली असेल तर पुढचं सांगायची गरज नाही. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, शेतातून थेट डांबरावर आलेली त्यांची चाकं, चाकांबरोबर आलेली काळी माती, त्यावर पहाटेचं दव. वरून सांडलेला ऊस आणि पाचट.

आणि याच दिवसांत ग्रुपवर प्रश्न येतो: “गाडीला सतरा इंची अलॉय टाकू का? टायर पण स्वस्त झालेत.”

मजा अशी की जिथं खरा, बर्फाचा हिवाळा असतो तिथले लोक बरोबर उलटं करतात. आमच्या टीममधला एक जण म्युनिकला असतो, मूळचा उदगीरचा. ऑक्टोबर आला की त्याच्या गाडीची १८ इंची चाकं उतरतात आणि १६ इंची, अरुंद टायरची चढतात. उन्हाळ्याची चाकं गॅरेजवाला भाडं घेऊन सांभाळतो, त्याला तिकडं चक्क ‘टायर हॉटेल’ म्हणतात. जर्मनीत बर्फ किंवा गोठलेला रस्ता असेल तेव्हा हिवाळी टायर कायद्यानं लागतात, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून त्या टायरवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असणं सक्तीचं आहे. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर बंधनकारक. चाक लहान करा असं मात्र कायदा कुठंच म्हणत नाही. ते लोक आपापल्या हिशेबानं करतात, आणि आपल्याला तो हिशेबच समजून घ्यायचाय.

तळहाताएवढी जागा

अख्खी गाडी रस्त्याला किती जागेत टेकलेली असते? समजा एका चाकावर ३०० किलो भार आहे आणि टायरमध्ये ३२ पीएसआय हवा आहे. ३२ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण सव्वादोन किलो. ३०० ला सव्वादोननं भागा. उत्तर १३३ चौरस सेंटीमीटर, म्हणजे जवळपास एक तळहात.

आता खरी गंमत. टायर रुंद केला तरी भार तोच आणि हवा तीच, म्हणून ही जागा फारशी वाढत नाही. बदलतो फक्त तिचा आकार. टेकणारी रुंदी १३ सेंटीमीटर धरली तर लांबी १० च्या आसपास येते. रुंदी १७ केली की लांबी ८ च्याही खाली जाते. अरुंद टायरचा ठसा लांबट असतो, रुंद टायरचा आडवा. (साइडवॉल किती कडक आहे यानं थोडा फरक पडतो, पण चित्र हेच राहतं.)

कोरड्या, चांगल्या डांबरावर आडवा ठसा फायद्याचा असतो. वळणावर गाडी पकड धरते, स्टिअरिंगला पटकन प्रतिसाद देते. रुंद टायर उगाच बनत नाहीत. पण रस्ता आणि टायर यांच्यामध्ये पातळ, मऊ थर आला की हिशेब फिरतो. पाणी असो, भुसभुशीत बर्फ असो की दवानं भिजलेली काळी माती, टायरला तो थर बाजूला सारून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोचायचं असतं. रुंद टायरला एकाच वेळी जास्त माल बाजूला सारावा लागतो आणि त्यासाठी वेळ कमी मिळतो, कारण ठसा आखूड आहे. अरुंद टायर थर कापत जातो, पुढच्या भागानं वाट केली की मागच्या भागाला घट्ट रस्ता मिळतो. जागतिक रॅली स्पर्धांत डांबरासाठी १८ इंची चाकं असतात, आणि स्वीडनच्या बर्फात १५ इंची चाकांवर अरुंद, खिळे मारलेले टायर.

आपल्याला रॅलीपर्यंत जायची गरजच नाही, वावरातला ट्रॅक्टर बघा. पुढचे टायर अरुंद, उभ्या धारांचे, कारण त्यांना मातीत रुतून दिशा द्यायचीय. मागचे रुंद, कारण त्यांना ओढायचंय आणि बुडायचं नाहीय. एकाच यंत्रावर दोन्ही उत्तरं. खाली घट्ट तळ असेल तर अरुंद टायर बरा. तळच नसेल, जसा पावसाळ्यातल्या काळ्या रानात नसतो, तर रुंद टायर बरा, नाहीतर गाडी पोटापर्यंत फसते. हिवाळ्यात ट्रॉल्यांमागून जाणारा रस्ता पहिल्या प्रकारात मोडतो, खाली डांबर आहे आणि वर माती.

पाण्याचंही सांगतो, कारण आता अवकाळी पाऊस डिसेंबरातही येतो. पाण्यावर टायर तरंगायला लागतो तो वेग काढायचं एक जुनं सूत्र आहे. नासाच्या संशोधकांनी विमानाच्या टायरवर प्रयोग करून १९६० च्या दशकात ते मांडलं. किलोमीटरमध्ये बदललं तर असं: पीएसआयचं वर्गमूळ गुणिले साधारण १६.७. हवा ३२ असेल तर ताशी ९४. हवा २४ वर आली असेल तर ताशी ८२. हे अंदाजाचे आकडे. टायर गुळगुळीत असेल, पाणी खोल असेल किंवा ठसा आडवा असेल तर तरंगणं त्याच्याही आधी सुरू होतं. हायवेवर ८०-९० हा आपला रोजचा वेग असतो, हे वेगळं सांगायला नको.

स्विफ्टचं गणित

आपल्याकडं सगळ्यात जास्त दिसणाऱ्या गाड्यांपैकी एक घेऊ. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर१४ टायर येतो, वरच्याला १८५/६५ आर१५. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे रुंदीच्या किती टक्के साइडवॉलची उंची. शेवटचा रिमचा व्यास, इंचात. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा: १६५ चे ८० टक्के १३२ मिमी, दोन्ही बाजूंचे २६४, अधिक १४ इंच म्हणजे ३५५.६. एकूण व्यास ६१९.६ मिमी. दुसऱ्याचा येतो ६२१.५. फरक दोन मिलिमीटरचाही नाही. कंपनीनं दोन्ही मापं अशी निवडलीत की स्पीडोमीटर आणि एबीएसला काही कळूच नये.

आता बाजारातला सतरा इंची सेट, २०५/४५ आर१७. व्यास ६१६, म्हणजे जवळपास तोच. पण साइडवॉल? ९२ मिमी. मूळच्या १३२ वरून चार सेंटीमीटर रबर गेलं आणि तिथं धातू आला. ज्या रस्त्याचे खड्डे सप्टेंबरच्या पावसानं पाडलेत, त्या रस्त्यावर. खड्ड्याची धार आधी साइडवॉल पिते, ती उरली नाही की रिम खाते. अलॉय वाकलं तर ते सरळ करणारा लातूरला सापडेल, तडा गेला तर नवीनच घ्यायचं. स्टीलचं १४ इंची रिम मात्र हातोड्यानं जागेवर आणणारे लोक मुरुडच्या स्टँडजवळही भेटतात. (हातोड्यानं करावं असं मी म्हणत नाही.)

शोरूममध्ये हे कुणी सांगत नाही, कारण मोठं चाक हा टॉप मॉडेल विकायचा सोपा मार्ग आहे. फोटोत बेस मॉडेल आणि टॉप मॉडेल वेगळं दिसतं ते मुख्यतः चाकांमुळं. एसयूव्हींची लाट आली आणि १७-१८ इंच नेहमीचे झाले, महिंद्रा बीई ६ ला तर २० इंचांपर्यंतचा पर्याय आहे. ईव्हीत मोठ्या, जड चाकाची किंमत रेंजमध्येही मोजावी लागते. शहरातल्या काँक्रीट रस्त्यावर हा सौदा चालूनही जाईल. पण घरातली एकच गाडी असेल, ती मुरुडहून लातूरला दवाखान्यात आई-वडिलांना नेणारी असेल आणि निघायची वेळ पहाटे पाचची असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: कंपनीनं त्याच गाडीला दिलेलं लहानातलं लहान माप घ्या. वरच्या मॉडेलवरच्या बाकीच्या सोयी हव्या असतील तर जरूर घ्या, चाकांसाठी म्हणून पैसे मोजू नका.

‘कंपनीनं दिलेलं’ हा शब्द मी मुद्दाम वापरलाय. अरुंद बरं म्हणून मनानं आणखी बारीक टायर टाकायचा नाही. वरच्या मॉडेलचे ब्रेक मोठे असले तर छोटं रिम त्यावर बसतच नाही. शिवाय भाराचा आकडा बघावा लागतो. टायरवर मापानंतर ८५ लिहिलं असेल तर तो एका चाकावर ५१५ किलो पेलतो, ८८ असेल तर ५६०. मूळ टायरपेक्षा कमी आकडा चालत नाही. कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ रचनेबाहेरचे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. अपघातानंतर विमा कंपनीला नाही म्हणायला कारण कशाला द्यायचं?

बर्फाचे हिवाळी टायर इकडं मागवायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर तो सोडा. त्यांचं रबर ७ अंशांखालच्या थंडीतही मऊ राहावं म्हणून बनवलेलं असतं. लातूरचं किमान तापमान कडाक्याच्या थंडीत १० च्या आसपास उतरतं आणि एप्रिलमध्ये पारा चाळिशी गाठतो. ते रबर इथं खोडरबरासारखं झिजेल. त्यांच्याकडून घ्यायचं ते माप, रबर नाही.

बाईकवाल्यांसाठी थोडक्यात. स्प्लेंडरला ८०/१०० चा १८ इंची टायर असतो, आणि गावाकडच्या मातीला तो शोभतो. त्याच रिमवर जाड टायर चढवला की टायर गोल फुगतो, कडा रस्त्याला नीट टेकत नाहीत, आणि काळी माती मडगार्डमध्ये अडकून चाक जाम होतं. काडीनं चिखल काढत रस्त्याकडेला बसलेली पोरं आपण सगळ्यांनी बघितलीत.

आणि टायर बदलणार नसाल तरी हवा सकाळी बघा, गाडी चालवायच्या आधी. तापमानात १० अंशांचा फरक पडला की दीडेक पीएसआय बदलतं. दुपारी ३० अंशांत, वर गाडी चालवून तापलेल्या टायरमध्ये पंपावर ३२ दाखवलं, तर पहाटे १२ अंशांत ते २९ च्या आसपास किंवा त्याखाली असतं. वरचं सूत्र आठवा. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, पंपावरच्या पोराला विचारायची गरज नाही. पाच जण बसणार असतील तर त्याच स्टिकरवर बहुतेक वेळा वेगळा, जास्तीचा आकडा दिलेला असतो.

जीएसटी कमी झाला म्हणून टायर घ्यायला गेलात तर दुकानात मोबाईलचा टॉर्च लावून साइडवॉलवर चार आकडी कोड शोधा. ३५२४ असेल तर तो टायर २०२४ च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलाय. कमी झालेल्या करात जुना साठा खपवायचा मोह दुकानदाराला होऊ शकतो. आणि स्टेपनीचं माप विचारा. चार चाकं सतराची आणि डिकीत चौदाची असेल, तर ढोकीच्या पुढं पंक्चर झाल्यावर ती घालून गाडी किती वेगानं न्यायची, हे आधीच माहीत असलेलं बरं.