कोठी आणि देवडी

गेल्या महिन्यांत आमच्या एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं जेवणाचा योग आला. घर चौदा माणसांचें. पानसुपारी चालली असतां थोरले बंधु दादासाहेब यांनीं विषय काढला. "आपले कागद आणि फोटो ठेवण्याबद्दल त्या परदेशी कंपनीला दर वर्षीं पैसे कां भरावयाचे? आपल्या विनूनें जुन्या संगणकावर फुकटांत प्रॉक्सी बसविली आहे. तीही सगळ्याची प्रत ठेवते म्हणे!" विनू गालांत हसला, पण मोठ्या काकांपुढें बोलला नाहीं. वहिनी मात्र घाबऱ्या झाल्या. सासूबाईंचीं पत्रें, घराण्याची वंशावळ आणि शेताचे जुने उतारे यांचीं छायाचित्रें त्या ठेवींतच होतीं. मूळ कागदांस कसर लागून गेली होती. निवाडा आमच्याकडे आला.

वाद सारा 'प्रत' या शब्दाचा होता. एकाच शब्दानें दोन निराळ्या वस्तु दाखविल्या गेल्या, कीं शहाण्या माणसाचाही हिशेब चुकतो. न्यायशास्त्रांत याला वाक्छल म्हणतात. येथें तो कोणीं मुद्दाम केलेला नव्हता, इतकेंच. जुन्या वाड्यांत कोठी असे आणि देवडीही असे. धान्य दोहोंकडून जाई. परंतु सांठवण कोठींतच.

प्रथम कोठी पाहूं. ड्रॉपबॉक्स ही कंपनी २००७ सालीं अमेरिकेंत ड्रू हाउस्टन व अरश फिरदौसी या दोघां तरुणांनीं काढली. पेन ड्राइव्ह घरीं विसरून हाउस्टन बसमध्यें चढले, प्रवासांत काम खोळंबलें, आणि त्यांतून ही कल्पना निघाली, असें ते स्वतःच सांगतात. आपल्या संगणकावरील एका कप्प्यांत फाइल टाकली, कीं ती कंपनीच्या दूरच्या यंत्रांवर जाते, तेथें एकाहून अधिक जागीं राखली जाते, आणि आपल्या इतर यंत्रांवरही उतरते. घरचा संगणक उद्यां जळाला तरी फाइल राहते. पहिल्या २ गीगाबाइटांस मोल नाहीं; पुढें भाडें. तें भाडें जागेचें आणि राखणीचें होय.

आतां देवडी. विनूनें बसविली ती प्रणाली 'स्क्विड'. 'हार्वेस्ट' नांवाच्या संशोधनप्रकल्पांतील कामाच्या आधारें ड्वेन वेसल्स यांनीं ती उभी केली आणि १९९६ सालीं ती लोकांच्या हातीं आली. तिची मूळ संहिता कोणीही वाचावी, सुधारावी, वापरावी, दाम नाहीं. त्या काळीं इंटरनेटची वाट अरुंद होती. एकच पान दहा जणांनीं मागितलें, तर दहा वेळां दुरून आणण्यापेक्षां एकदां आणून हाताशीं ठेवावें, हा तिचा हेतु. पण देवडीवाल्याचें फडताळ बेताचें असतें. तें भरलें, कीं पुष्कळ दिवसांत कोणीं न मागितलेली वस्तु तो आधीं टाकून देतो. ही त्याची चूक नव्हे. तें त्याचें कामच आहे. शिवाय आज बहुतेक स्थळें आपला मजकूर कुलूपबंद धाडतात. ती पेटी देवडीवाला साधारणतः न उघडतां तशीच पुढें देतो. म्हणजे सासूबाईंचीं पत्रें त्याच्यापाशीं कधीं नव्हतींच!

म्हणून देवडी निरुपयोगी ठरत नाहीं. अभ्यासाच्या वेळीं अमुक स्थळें बंद ठेवणें, कोण कोठें गेलें याची नोंद करणें, हें ती चोख करते. मात्र ती नोंदवही घरांत कोणीं पाहावी, हें आधींच ठरवावें. सुनेच्या चिठ्ठ्या उघडण्याचा अधिकार देवडीस कोणीं दिला?

कोठीवाल्यावरही डोळे मिटून विसंबूं नये. २०१२ सालीं ड्रॉपबॉक्सच्या सुमारें ६ कोटी ८० लाख खात्यांचे ईमेल-पत्ते आणि सांकेतिक केलेले परवलीचे शब्द चोरीस गेले. त्या चोरीचा पुरा आकार २०१६ सालीं उघड झाला. याज्ञवल्क्यस्मृतींत उपनिधीचें स्वतंत्र प्रकरण आहे. आंत काय आहे तें न सांगतां, पेटींत बंद करून दुसऱ्याच्या हातीं दिलेली ठेव म्हणजे उपनिधि. राजा, दैव किंवा चोर यांनीं ती नेली, तर राखणाऱ्यानें ती भरून द्यावी लागत नाहीं, असेंही स्मृतिकार सांगतात. साधारण खात्यांतील आपली ठेव तर उपनिधीहीं नव्हे. कारण कंपनी कुलूप घालते खरें, पण किल्ली तिच्याचजवळ असते. ज्यांस हें रुचत नाहीं त्यांनीं महत्त्वाच्या फाइलींस घरींच कुलूप घालावें आणि मग त्या धाडाव्या.

आणखी एक गोष्ट वहिनींसही ठाऊक नव्हती. हा कप्पा सर्व यंत्रांवर एकसारखा राहतो. म्हणून एका यंत्रावर पुसलेलें सर्वत्र पुसलें जातें. साधारण खात्यांत तें ३० दिवसांपर्यंत परत मिळवितां येतें, त्यानंतर आशा नाहीं. नातवाच्या हातून फोनवर बोट चुकलें, आणि महिनाभर कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं, तर आजीचीं पत्रें गेलीं!

आमचा निवाडा असा. वर्षाचें भाडें भरावें. देवडी विनूच्या हातीं राहूं द्यावी. तिच्यावर ठेवीचा भार घालूं नये. आणि सगळ्याची एक प्रत निराळ्या तबकडीवर उतरून घरच्या कपाटांत ठेवावी. ती महिन्यांतून एकदां उघडून पाहावी. दादासाहेबांनीं मान डोलाविली. त्याच रात्रीं विनूनें तबकडी जोडली, आणि पहिलें पत्र उघडलें तेव्हां तें मोठ्यानें वाचून दाखविण्यास त्यानें आपल्या काकांनाच बसविलें.