कोरड्यास आणि लाल रेघ

मराठीच्या तासाला स्वयंपाकाचा विषय निघाला की आपण घड्याळाकडे पाहतो. शिक्षकांच्या खोलीत डबे उघडल्यावर मात्र तोच विषय अर्धा तास पुरतो: भाजणीत उडीद किती घ्यावेत, बिडाच्या तव्याला धिरडे का चिकटते, डाळीला शिट्ट्या किती. या बोलण्याला आपण 'गप्पा' म्हणतो, भाषेचा व्यवहार म्हणत नाही. तो तसा आहे आणि मराठी शिकवणाऱ्यांनी त्याकडे गांभीर्याने पाहायला हवे, असे माझे मत आहे.

या मताचे निमित्त माझीच एक चूक. पदवीच्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थिनीने घरच्या जेवणावर निबंध लिहिला होता. त्यातील 'कोरड्यास' या शब्दाखाली मी लाल रेघ ओढली आणि समासात 'भाजी' असे लिहिले. सोलापूरकडची ही मुलगी वर्षभर वर्गात फारशी बोलली नव्हती. त्या दिवशी ती कागद घेऊन आली. "सर, भाजी म्हटलं तर पिठलं त्यात येत नाही, आमटीपण येत नाही. भाकरी कोरडी असते. त्या कोरड्याला लावून खायचं, ते कोरड्यास."

कोशकाराला शोभेल अशी ही व्याख्या होती. 'कोरड्यास' हे एका पदार्थाचे नाव नव्हेच. ताटातल्या एका नात्याचे ते नाव आहे. द्वितीया-चतुर्थीचा 'स' मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. ताटात तो मला दिसला नव्हता. शिवाय 'भाजी' प्रमाण आणि 'कोरड्यास' चूक, हा निवाडा भाषाशास्त्राचा नव्हता. तो माझ्या घरच्या स्वयंपाकघराचा होता.

स्वयंपाकघरातील क्रियापदे पाहा. दळणे, भरडणे, कांडणे, कुटणे, वाटणे, रगडणे. बारीक करण्याच्याच या साऱ्या क्रिया. पण प्रत्येकीच्या पोटात एक साधन, हाताची एक हालचाल आणि एक पोत आहे. जात्यावर दळतात नि भरडतात, उखळात कांडतात, पाट्यावर वाटतात. आज या सगळ्यांच्या जागी 'मिक्सरला लाव' हे एकच वाक्य पुरते. हे सांगताना पाटा-वरवंट्यासाठी गळा काढायचा नाही. ज्या बायकांच्या खांद्यांनी ते दगड ओढले, त्यांनी मिक्सरचे स्वागत केले आणि ते योग्यच होते. साधन बदलले की भाषा मुकी होते असेही नाही. कुकर आला आणि 'शिट्टी' हे मराठीत वेळेचे माप झाले. मिक्सरच्या भांड्यात तयार होते त्याला आजही आपण 'वाटण'च म्हणतो. चटणी भरड हवी की गंधासारखी, हा प्रश्न घरात विचारला जातो तोवर ते शब्द राहतील. शब्द टिकतो तो गरजेने, स्मारकाने नव्हे.

लिखित पाककृतीने या बोलण्याची जागा घेतली, असे म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने (1970) वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघर रुजवले. सासर-माहेरापासून दूर संसार मांडणाऱ्या मुलींना त्याचा मोठा आधार झाला. परंतु प्रमाण 'किती' ते सांगते. 'कधी' हे सांगायला वास सुटावा लागतो, कडेने तेल सुटावे लागते, पाकाची तार बोटांत धरून पाहावी लागते. खमंग, खरपूस आणि करपट यांत आच तीच असते, अंतर क्षणांचे असते. ते अंतर नेमके सांगणारे शब्द आपल्या घरांत बोलले जातात.

रस, रुची, आस्वाद हे शब्द समीक्षेने जिभेकडूनच घेतले. तरी कवितेविषयी लिहिताना आमचे विद्यार्थी 'सुंदर' आणि 'प्रभावी' यांपलीकडे जात नाहीत. ज्याला खमंग आणि खरपूस यांतला फरक कळतो, त्याच्याजवळ सूक्ष्म भेद करण्याची शक्ती नाही असे कसे म्हणावे? ती शक्ती वर्गाबाहेर ठेवून यायला आपणच त्याला शिकवले आहे.

म्हणून एक साधी सूचना. अंतर्गत मूल्यमापनासाठी प्रत्येकाने आपल्या घरच्या स्वयंपाकातले वीस शब्द आणावेत: शब्द, साधन, क्रिया, आणि तो शब्द घरात कोण वापरते. हे काम मुलग्यांनाही द्यावे. तो शब्द जिच्या तोंडी आहे तिच्याजवळ बसून त्यांना तो ऐकावा लागेल. अनेक घरांत एवढेही आजवर घडलेले नसते.

त्या निबंधावरची रेघ मी खोडली, गुणही सुधारले. मात्र त्याआधीच्या वर्षांत अशा किती शब्दांखाली मी रेघा ओढल्या असतील, आणि त्यांतले किती विद्यार्थी कागद घेऊन परत आले नसतील, याचा हिशेब आता लागणार नाही.